खूण तीच, वाचणारा वेगळा

जावामध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ‘कंपोनंट’ हे ॲनोटेशन कशाला लावतात. उत्तर लगेच मिळेल. मग विचारा, कुणाचं कंपोनंट? इथे माणूस थबकतो. एक आहे स्प्रिंगचं. एक अपाची फेलिक्सचं, जे नव्या कामात कुणी घेऊ नये, पण जुन्या फायलींत ठाण मांडून बसलंय. एक होतं बीएनडी नावाच्या अवजाराचं. आणि एक ओएसजीआय या मानकाचं स्वतःचं. चौघांचं नाव एक, स्पेलिंग एक, क्लासच्या डोक्यावर बसायची जागाही एक. फरक कळतो तो फाइलीच्या सुरुवातीला, ‘इम्पोर्ट’च्या ओळीत. ती ओळ हल्ली माणूस लिहीतच नाही. एडिटर सुचवतो, आपण एंटर दाबतो, आणि एडिटर त्या सगळ्या ओळींची घडी घालून ठेवतो.

ही ओळ आवडीनिवडीवर सोडायची नाही, असं माझं ठाम मत आहे. कुणाची ॲनोटेशनं घ्यायची हे टीमनं एकदा बसून ठरवावं, एका प्रकल्पात एकच संच ठेवावा, आणि जुन्यातून नव्यात जाण्याचे पैसे ग्राहकाकडे उघडपणे मागावेत. शेवटचा मुद्दा लिहिताना आमच्या डिलिव्हरी मॅनेजरांचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय, तरी लिहिते.

वर्तमानपत्रात हे कशाला, असं कुणी म्हणेल. हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्यात कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या मुलामुलींना लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, ‘नक्की करतोस काय रे तिथं?’ आणि ती ‘सॉफ्टवेअर’ म्हणून सुटका करून घेतात. त्यातल्या कित्येकांचं खरं काम म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेलं चालू ठेवायचं, त्याला नवं काही जोडायचं, आणि एक दिवस ते अख्खं उचलून नव्या आवृत्तीवर न्यायचं. त्यात वेळ कुठे जातो हे त्यांच्या घरी कळत नाही आणि खरं सांगायचं तर त्यांच्या साहेबांनाही कळत नाही. मी स्वतः वीसेक वर्षं हेच करते आहे.

ओएसजीआयची गोष्ट सुरू होते ती घराच्या भिंतीवर. मार्च १९९९मध्ये एरिक्सन, आयबीएम, सन अशा कंपन्या एकत्र आल्या त्या एका छोट्या पेटीसाठी. घरातली उपकरणं बाहेरच्या जगाशी जोडणारी पेटी, तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांनी जावात लिहिलेले तुकडे चालणार, आणि एक तुकडा बदलायचा तर बाकीची पेटी बंद करावी लागणार नाही, अशी ती कल्पना. पेटी काही घरोघरी पोचली नाही. चालू यंत्रात तुकडा काढण्या-घालण्याची युक्ती मात्र टिकली. २००४ साली आलेलं एक्लिप्स ३ याच पायावर उभं राहिलं. कॉलेजात एक्लिप्स उघडून ज्यांनी जावाची प्रॅक्टिकलं उरकली, त्या सगळ्यांनी नकळत ओएसजीआय वापरलेलं आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या डे सॉफ्टवेअर या कंपनीनं संकेतस्थळं सांभाळायचं आपलं उत्पादन त्यावर बांधलं. (वेब ज्यावर चालतं त्या एचटीटीपीच्या मानकावर ज्यांचं नाव आहे, ते रॉय फील्डिंग या कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ होते.) २०१०मध्ये ॲडोबीनं डे विकत घेतली. परदेशी बँकांची, मोटार कंपन्यांची, दुकानांची संकेतस्थळं सांभाळायचं जे काम पुण्यात येतं, त्यातल्या बऱ्याच कामाच्या तळाशी आजही ती १९९९ची पेटी सापडते.

त्या तुकड्यांना बंडल म्हणतात आणि ती एकमेकांशी सर्व्हिसमार्फत बोलतात. बंडल येतं-जातं, म्हणून सर्व्हिसही येते-जाते. माझ्या बंडलला डेटाबेसची सर्व्हिस हवी आहे, पण ते सुरू झालं तेव्हा ती आलेलीच नाही. किंवा आली होती आणि कामाच्या मध्येच निघून गेली. हे सगळं हातानं सांभाळणारा कोड मी वाचलेला आहे, पुन्हा वाचायची इच्छा नाही. २००५च्या चौथ्या आवृत्तीत यावर ‘डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेस’ हा उपाय आला: तुम्हाला काय लागतं आणि तुम्ही काय देता एवढंच जाहीर करा, जुळवाजुळव चौकट बघून घेईल. जाहीर करायचं कुठे, तर एका एक्सएमएल फाइलीत. ती फाइल हातानं लिहायची. क्लासचं नाव बदललं आणि एक्सएमएलमधलं बदलायचं राहिलं, तरी कंपायलर खूश. मग लोकांनी ती माहिती कोडमध्येच लिहायला सुरुवात केली. ओएसजीआय प्रत्यक्षात चालवणाऱ्या फेलिक्सची पहिली सोय तर चक्क जावाडॉकच्या कॉमेंटमधल्या टॅगांवर चालायची. जावा पाचमध्ये, २००४ साली, ॲनोटेशनं भाषेतच आली होती. हळूहळू सगळे तिकडे वळले, पण प्रत्येकजण आपापला संच घेऊन.

शिंपी कापडावर खडूनं खूण करतो. कात्री चालेपर्यंतच तिचा उपयोग. सदरा शिवून झाला की ती झटकली जाते, अंगात घालणाऱ्याला तिचा पत्ता नसतो. ही ॲनोटेशनं तशीच असतात. बिल्ड चालू असताना एक अवजार ती वाचतं, त्यावरून एक्सएमएल तयार करतं आणि बंडलच्या पोटात ठेवतं. प्रत्यक्ष चालताना चौकट फक्त ते एक्सएमएल बघते. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की आपल्या दुकानातला कापणारा कुणाच्या खुणा ओळखतो?

आणि ओळखत नसेल तर काहीही होत नाही. सगळा जाच यातच आहे. आमच्या टीममध्ये साताऱ्याचा एक मुलगा आहे, हुशार, मन लावून काम करणारा. त्यानं एक नवा क्लास लिहिला, वर ‘कंपोनंट’ टाकलं, बिल्ड हिरवं झालं. बंडल सर्व्हरवर चढवलं, ‘ॲक्टिव्ह’ दिसलं. सर्व्हिस मात्र कुठेच नाही. लॉगमध्ये चूक नाही, इशारा नाही. फेलिक्सच्या वेब कन्सोलवर कंपोनंटांची यादी असते, तीत याचं नावच नाही. जेवणानंतरची सगळी दुपार त्यानं त्यात घालवली. शेवटी माझ्याकडे आला, ‘मॅम, दोन्हीकडे कंपोनंटच आहे, मग माझं का दिसत नाही?’ मी त्याला इम्पोर्टची घडी उलगडायला सांगितली. एडिटरनं यादीतलं पहिलं नाव भरलं होतं, ते फेलिक्सचं. आमच्या त्या मॉड्यूलच्या बिल्डमध्ये फेलिक्सची ॲनोटेशनं वाचणारं प्लगइन नव्हतं, होतं ते फक्त मानकाची वाचणारं. जुन्या खुणांची जार मात्र डिपेंडन्सीत तशीच राहिली होती, म्हणून कंपायलरची तक्रार नव्हती. ती जार कुणी काढली असती तर पहिल्याच मिनिटाला लाल ओळ दिसली असती.

मुलाखतीत हमखास विचारतात, ‘कंपोनंट’ आणि ‘सर्व्हिस’ यांत फरक काय. मुलं पाठ केलेलं उत्तर देतात, आणि ते स्प्रिंगपुरतं बरोबर असतं: दुसरं हे पहिल्याचंच एक रूप. फेलिक्समध्ये ‘सर्व्हिस’चा अर्थ पूर्ण वेगळा होता. क्लास कंपोनंट आहेच, तो बाहेरच्यांना सर्व्हिस म्हणून द्यायचा की नाही हे ते सांगायचं. लावलं नाही तर सर्व्हिस नोंदलीच जायची नाही. मानकाच्या संचात ‘सर्व्हिस’ नावाचं ॲनोटेशनच नाही. तिथे क्लासनं जे इंटरफेस थेट घेतले असतील ते आपोआप सर्व्हिस म्हणून नोंदले जातात. मुलाखत घेणाऱ्यानं प्रश्नात ‘कुणाचं’ एवढा एक शब्द घातला, तर उमेदवाराबद्दल बरंच काही कळेल.

फेलिक्सचा संच ज्यांनी त्या काळात घेतला त्यांच्यावर आज हसणं सोपं आहे, आणि नव्या पोरांना ते फार आवडतं. जुनी फाइल उघडायची, ‘हे कुणी लिहिलंय’ म्हणायचं. मला ते पटत नाही. मानकाची स्वतःची ॲनोटेशनं आली ती २०१२मध्ये, डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसच्या १.२ आवृत्तीत, आणि आली तेव्हा ती अगदीच काटकसरीची होती. दुसरी सर्व्हिस हवी तर ‘रेफरन्स’ फक्त मेथडवर लावता यायचं, फील्डवर नाही. म्हणजे प्रत्येक अवलंबनासाठी दोन-दोन मेथडी हातानं लिहा. कॉन्फिगरेशनची मूल्यं द्यायची तर एका अवतरणचिन्हात नाव, प्रकार, बरोबरचं चिन्ह आणि किंमत सगळं कोंबा. फेलिक्समध्ये हेच सगळं सुटसुटीत लिहिता यायचं. फील्डवर ‘रेफरन्स’ टाकलं की त्यांचं प्लगइन कंपाइल झालेल्या क्लासमध्ये शिरून त्या दोन मेथडी स्वतःच लिहून टाकायचं. (डीबगर लावला की आपण न लिहिलेल्या मेथडी दिसायच्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला वाटलं होतं, चुकीची जार उघडली.) अशा वेळी शहाण्या माणसानं फेलिक्सच घेतलं असतं. मीही घेतलं, आणि आज पुन्हा २०१२ आलं तर तेच घेईन.

२०१५मध्ये १.३ आवृत्ती आली आणि हे बदललं. फील्डवर रेफरन्स आलं, कॉन्फिगरेशनसाठी प्रकार असलेली ॲनोटेशनं आली, प्रशासकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या रकान्यांची ॲनोटेशनंही मानकात आली. फेलिक्स आणि बीएनडीच्या लोकांनी आपापल्या संचांत जे करून दाखवलं होतं, त्यातलं टिकाऊ ते मानकानं घेतलं. २०१८च्या १.४मध्ये अवलंबनं कन्स्ट्रक्टरमधून घेता येऊ लागली. फेलिक्सवाल्यांनी स्वतःच सांगून टाकलं की नव्या कामाला मानकाचा संच वापरा, आमचा आता फक्त सांभाळून ठेवलेला आहे. बीएनडीची गंमत वेगळी. पीटर क्रीन्स यांच्या या अवजाराचा स्वतःचा संच मोडीत निघाला, पण मानकाची ॲनोटेशनं वाचून एक्सएमएल बनवायचं काम आज बहुतेक बिल्डमध्ये बीएनडीच करतं, मग वरून मेव्हन या बिल्डच्या अवजाराचं प्लगइन कुठलंही लावा. खुणा हरल्या, कात्री जिंकली. म्हणून माझ्या लेखी २०१५ ही रेघ आहे. त्याआधीच्या निवडीला दोष नाही. त्यानंतर, आणि तुमच्या प्लॅटफॉर्मवर ती आवृत्ती पोचल्यानंतरही, नवा क्लास जुन्या संचात लिहिणाऱ्याला मात्र मी कारण विचारते.

‘पण चालतंय ना?’ हा प्रश्न मला फार ऐकायला मिळतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. शेवटी दोन्ही संचांतून एक्सएमएलच निघतं. दोन्ही प्रकारचे कंपोनंट एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी सुखानं चालतात. २०११चा एखादा क्लास आजही न कुरकुरता काम करतो. हे सगळं मला मान्य आहे. पण चालण्याची हमी सर्व्हरपुरती आहे, बिल्डसाठी नाही. ही अवजारं क्लास फाइल उघडून वाचतात, आणि जावाच्या दर नव्या आवृत्तीबरोबर त्या फाइलीचा क्रमांक वाढतो. जावा ८चा ५२, ११चा ५५, १७चा ६१, २१चा ६५. वाचणारं अवजार सांभाळायला कुणी असेल तर ते नवा क्रमांक शिकतं. नसेल तर एके सकाळी ‘हा क्रमांक मला कळत नाही’ म्हणून थांबतं, आणि ती सकाळ नेमकी सुरक्षेच्या कारणानं जावा बदलण्याची तारीख ग्राहकाला देऊन झाल्यानंतरची असते. तेव्हा शेकडो फायली घाईत बदलाव्या लागतात. आणि घाईत बदलल्या की काय होतं, ते मी बघितलंय.

युरोपातल्या एका किरकोळ विक्रीच्या कंपनीचं संकेतस्थळ होतं. आमच्यातल्या एकानं जुनी ॲनोटेशनं शोधा-आणि-बदला करत नव्यावर नेली. एका कंपोनंटमध्ये गोदामाच्या यंत्रणेला किती वेळ वाट बघायची याचं मूल्य होतं, किल्लीचं नाव ‘रिक्वेस्ट’ आणि ‘टाइमआउट’, मध्ये अधोरेषा. नव्या संचात किल्लीचं नाव मेथडच्या नावावरून ठरतं, म्हणून त्यानं मेथडला तेच नाव दिलं, अधोरेषेसकट. दिसायला तंतोतंत. पण मानकाचा नियम असा आहे की मेथडच्या नावातल्या एका अधोरेषेचा किल्लीत टिंब होतो. अधोरेषाच हवी असेल तर दोन लिहाव्या लागतात. झालं असं की कोड टिंबवाली किल्ली शोधू लागला आणि सर्व्हरवरच्या कॉन्फिगरेशनमध्ये अधोरेषावाली पडून राहिली. किल्ली सापडली नाही तर पूर्णांकाचं मूल्य शून्य. आणि जावाच्या नेटवर्क कनेक्शनमध्ये टाइमआउट शून्य म्हणजे ताबडतोब सोडा असा अर्थ होत नाही. होतो तो अनंतकाळ वाट बघा. टेस्टिंगला सगळं उत्तम, कारण तिथलं गोदाम लगेच उत्तर द्यायचं. प्रत्यक्ष वापरात एका संध्याकाळी गोदाम मंदावलं, एकेक थ्रेड वाट बघत बसला, आणि बघता बघता दुकान उघडेना. लॉगमध्ये तेव्हाही चूक नव्हती. वाट बघणं ही चूक नव्हेच.

दुसरा एक सापळा वारशाचा. फेलिक्सचं प्लगइन वरच्या ॲबस्ट्रॅक्ट क्लासमधली रेफरन्सं खालच्या क्लाससाठी आपोआप उचलायचं. मानक तसं करत नाही. बीएनडीला ते वेगळं सांगावं लागतं, आणि ते सांगणं म्हणजे मानकाच्या बाहेर पाऊल. नाही सांगितलं तर वरच्या क्लासमधली फील्डं रिकामी राहतात आणि ‘नल पॉइंटर’ भेटतो. हा सापळा त्यातल्या त्यात बरा म्हणायचा, निदान ओरडतो तरी. तिसरा ‘सर्व्हिस’ नसण्याचा: पूर्वी क्लास सर्व्हिस म्हणून नोंदलेला नव्हता, आता इंटरफेस घेतलाय म्हणून आपोआप नोंदला जातो, आणि दुसऱ्या कुणाच्या यादीत नको तिथे हजर होतो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. एकेक माहीत असावी लागते आणि प्रत्येक फाइलीपुढे थांबून तपासावी लागते. म्हणूनच मी म्हणते की हे काम ‘जाता जाता करून टाका’ या सदरातलं नाही. त्याला स्वतःचं तिकीट हवं, स्वतःचं टेस्टिंग हवं आणि स्वतःचे पैसे हवेत.

मग निवड कशावरून करायची? लोक वैशिष्ट्यांचे तक्ते करतात, या संचात काय आहे, त्यात काय नाही. तक्ता दोन वर्षांत शिळा होतो. मी पहिल्यांदा बघते की ही ॲनोटेशनं वाचणारं अवजार आज कोण सांभाळतंय. त्याच्या भांडारात शेवटचा बदल केव्हा झाला हे बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मग बघते की हे पॅकेजचं नाव कुणाच्या मालकीचं आहे. हा दुसरा प्रश्न कायद्याचा वाटतो आणि म्हणून आम्ही तंत्रज्ञ तो विचारत नाही.

जावाच्या जगाला तो प्रश्न न विचारणं महागात पडलेलं आहे. जावाची कंपन्यांसाठीची आवृत्ती ओरॅकलनं २०१७मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं. कोड गेला, ‘जावाएक्स’ हे पॅकेजांचं नाव गेलं नाही, कारण ते ओरॅकलच्या व्यापारचिन्हाखाली होतं. २०१९मध्ये वाटाघाटी फिसकटल्या, आणि २०२०च्या अखेरीस तीच आवृत्ती ‘जकार्ता ईई ९’ म्हणून आली ती सगळी पॅकेजं नव्या नावानं घेऊन. आत काही बदललं नव्हतं, बाहेरची पाटी बदलली होती; तरी तिच्यावर जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला ती नावं असलेली प्रत्येक फाइल उघडावी लागली. ही तर ‘मानक’ ॲनोटेशनं होती! त्यातलं ‘पोस्टकन्स्ट्रक्ट’ पूर्वी जावाबरोबर फुकट यायचं, ते २०१८च्या जावा ११मधून काढून टाकलं, आणि कितीतरी जणांना आपण ते कुठून घेत होतो हे तेव्हा कळलं. ओएसजीआयची संघटनाही पुढे एक्लिप्स फाउंडेशनमध्येच सामील झाली, पण तिच्या पॅकेजांच्या नावातलं एक अक्षरही हललं नाही. तेव्हा मानक आहे म्हणून डोळे मिटून घ्या, असं मी कुणाला सांगत नाही. नाव ज्याच्या हातात आहे तो उद्या कुठे असेल, ते बघून घ्या.

यावर कुणीतरी विचारतंच, की एवढे वेगवेगळे संच कशाला, सरळ सगळीकडे चालणारं ‘इंजेक्ट’ वापरा की. २००९मध्ये गूगल आणि स्प्रिंगच्या लोकांनी मिळून ते आणलं, नाव सोपं, अर्थ सोपा: मला हे हवंय, आणून द्या. सर्व्हर चालू होताना जे मिळालं ते बंद होईपर्यंत राहणार असेल तर तेवढं पुरतं. ओएसजीआयमध्ये मात्र सर्व्हिस मध्येच जाऊ शकते. ती असलीच पाहिजे की नसली तरी चालेल, एकच हवी की जितक्या असतील तितक्या, जास्त चांगली आली तर बदलायची की हातातलीच धरून बसायची, हे सगळं सांगावं लागतं, आणि ते सांगायला ‘इंजेक्ट’मध्ये जागाच नाही. ओएसजीआयमधल्याच, पण स्प्रिंगच्या वळणानं गेलेल्या ‘ब्लूप्रिंट’नं यावर तोड काढली होती. सर्व्हिस गेली तर हाक मारणाऱ्याला थोपवून धरायचं, वेगळी मुदत दिली नसेल तर पाच मिनिटांपर्यंत. गोदामाच्या त्या संध्याकाळनंतर मला अशा थोपवून धरण्याचं कौतुक उरलेलं नाही. डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसमध्ये आवश्यक सर्व्हिस गेली की कंपोनंट स्वतः बंद होतो आणि कन्सोलवर तसं लिहिलेलं दिसतं. मला ते रोखठोक वाटतं. ब्लूप्रिंटवर प्रेम करणारे लोक आहेत, त्यांचं माझं या बाबतीत जमत नाही.

आमच्या प्रकल्पात आता मेव्हनच्या एन्फोर्सरमध्ये जुन्या ॲनोटेशनांच्या जारला बंदी आहे. कुणी ओढून आणली तर बिल्ड तिथेच मोडतं. सूचनांचं पान लिहून ते होत नाही. पान कुणी वाचत नाही, लाल बिल्ड सगळे वाचतात. जुन्या मॉड्यूलांना मुदत दिली आहे आणि तोपर्यंत त्यांत नवा क्लास घालायचा नाही. नवा क्लास घालायचाच असेल तर आधी अख्खं मॉड्यूल हलवायचं. अर्धं जुनं, अर्धं नवं अशा मॉड्यूलमध्ये काय होतं ते साताऱ्याच्या त्या मुलाला विचारा. कॉन्फिगरेशनच्या किल्ल्यांची यादी हलवण्याआधी आणि नंतर काढायची, दोन्ही शेजारी ठेवून बघायची, हा नियमही आता आहे. फार साधा आहे, आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं की याची गरज नाही.

आता नवी चर्चा ‘नल’ची आहे. एखादं मूल्य रिकामं असू शकतं की नाही हे सांगणाऱ्या ॲनोटेशनांची स्थिती कंपोनंटपेक्षा वाईट आहे. ज्या प्रस्तावातून मानक यायचं तो जेएसआर ३०५ कधी पूर्णच झाला नाही, पण त्याच्या नावानं फिरणारी जार जगभर पोचली. जेटब्रेन्सचं वेगळं, एक्लिप्सचं वेगळं, अँड्रॉइडचं वेगळं, स्प्रिंगचं वेगळं. आमच्या एकाच प्रकल्पात मला ‘नलेबल’ नावाची वेगवेगळ्या मालकांची ॲनोटेशनं सापडली, एके ठिकाणी तर एकाच क्लासमध्ये. २०२४च्या जुलैमध्ये जेस्पेसिफाय या ‘नल’च्याच ॲनोटेशनांच्या संचाची १.० आवृत्ती आली. तिच्यामागे गूगल, जेटब्रेन्स, उबर आणि आणखी बरेचजण एकत्र आहेत, आणि स्प्रिंगनंही आपल्या सातव्या आवृत्तीत स्वतःचा संच बाजूला ठेवून तीच घेतली. वाचणारे बरेच, सांभाळणारे बरेच, नावावर एका कंपनीचा शिक्का नाही. माझं मत तिच्या बाजूला आहे.

ग्राहकाला द्यायच्या प्रस्तावात मी जुन्या ॲनोटेशनांवरून नव्यांवर जाण्याच्या कामाची वेगळी ओळ घातली, किती दिवस लागतील आणि किती रक्कम होईल ते लिहून. मॅनेजर म्हणाले, ‘अहो, पण यातून क्लायंटला दिसणार काय?’ मी म्हटलं, ‘काही दिसणार नाही, म्हणूनच वेगळी ओळ लागते. दिसणाऱ्या कामाचे पैसे ते असेही देतात.’ त्यांनी ओळ राहू दिली आणि रक्कम निम्मी केली. येत्या गुरुवारी ग्राहकाबरोबर बैठक आहे. मी मूळ आकडा आणि गोदामाच्या त्या संध्याकाळचा अहवाल, दोन्ही घेऊन जाणार आहे.